डुव्हेलची ६.६६ टक्क्यांची हलकी बिअर मूळ डुव्हेलसारखी लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेल्जियमची ८.५ टक्क्यांची डुव्हेल तुमची सगळ्यात लाडकी, आता तिच्याच घरातली ६.६६ टक्क्यांची हलकी बाटली आली आहे, तर तिच्यात मूळची मजा उरते का, की कंपनीने नुसतं पाणी घातलंय?

पाणी घातलेलं नाही. पण मूळची मजाही नाही. ती वेगळी बिअर आहे, आणि हे कळायला मला तीन बैठका लागल्या. पहिल्या बैठकीत मी तिच्यावर अन्यायच केला.

मी अमळनेरकडचा. कामानिमित्त दोन वर्षं बेल्जियममध्ये, मेखेलेनला राहत होतो. तिथून डुव्हेलचं ब्रेन्डोंक गाव अगदी जवळ. ब्रुसेल्स ते अँटवर्प रस्त्याने गेलं की ब्रुअरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत त्यांच्या भाषेत लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थ साधारण असा: ‘शूऽऽ, इथे डुव्हेल मुरतेय’. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीजवळ आजी पोरांना जशी दटावते, तसंच वाटायचं मला ते. तिकडचे लोक नाव ‘डूऽव्हल’ असं उच्चारतात, पण मी जळगावच्या सवयीप्रमाणे डुव्हेलच लिहितो.

परत येताना विमानतळावर दोन लिटर दारू करमुक्त आणायची मोकळीक असते, म्हणजे ३३० मिलीच्या बरोबर सहा बाटल्या, १.९८ लिटर. तीन मूळच्या घेतल्या, तीन ६.६६ च्या. लोकरी मोज्यांत एकेक गुंडाळून सामानात टाकल्या. सहाही शाबूत पोचल्या. आईने उन्हात वाळवायला मोजे मागितले तेव्हा थोडी पंचाईत झाली, ती गोष्ट वेगळी.

आता एक गोष्ट आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या मापाने वाचाल. आपल्या गावाकडच्या बिअर शॉपीत ‘माइल्ड का स्ट्राँग?’ असं क्वचितच विचारतात, हात सरळ स्ट्राँगकडे जातो. माइल्ड मागितली तर काउंटरवरचा माणूस तब्येत बरी आहे ना अशा नजरेने बघतो. आणि आपल्या देशातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत ५ टक्क्यांच्या वर गेली की ८ टक्क्यांपर्यंत ती ‘स्ट्राँग’ बिअर. म्हणजे तुम्ही जिला डुव्हेलची हलकी बहीण म्हणताय ती ६.६६ ची बाटली आपल्या हिशेबाने चांगली दणकट स्ट्राँग आहे. आणि मूळची ८.५ तर त्या पट्ट्याच्याही वर बसते. ‘लाइट’ हा शब्द वाचून उन्हाळ्यात मठ्ठ्यासारखी प्यायची काहीतरी येईल अशी अपेक्षा धरली असेल तर ती सोडा.

हिशेबच करून टाकू. मूळच्या ३३० मिलीच्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल साधारण २८ मिली. ६.६६ मध्ये २२ मिली. आपल्या ६५० मिलीच्या ८ टक्क्यांच्या बाटलीत ५२. म्हणजे हलकीत मूळच्यापेक्षा पाचव्या हिश्श्याहून थोडंसं जास्त कमी झालं, बस. मूळच्या तीन बाटल्या जेवढं देतात तेवढं, किंबहुना किंचित जास्तच, हलकीच्या चार देतात. ‘हलकी आहे, अजून एक उघड’ असं म्हटलं की वाचवलेलं सगळं परत गेलं. आणि मोटारसायकलवर घरी जायचं असेल तर दोघींत फरकच करू नका. कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि साधारण वजनाच्या माणसाला उपाशीपोटी हलकीची एक बाटलीही त्या रेषेपलीकडे नेऊ शकते.

आता चवीकडे.

पहिली बैठक जानेवारीत, तापीकाठच्या मावसभावाच्या मळ्यात, भरिताच्या पार्टीला. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो: हिवाळ्यात आमच्याकडे भरीत हे निमित्त असतं. मोठाली हिरवी, पांढऱ्या रेषांची, बिया कमी असलेली वांगी (त्यांना २०१६ मध्ये जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकनही मिळालंय) कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, साल काढून लाकडी मुसळाने ठेचायची, वर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेलाचा सढळ हात. सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या. रात्री पारा बारा अंशांच्या आसपास, त्यामुळे फ्रिज लागलाच नाही. बाटल्या विहिरीच्या कठड्यावर ठेवल्या होत्या.

माझी पहिली चूक क्रमाची. पाहुण्यांवर छाप पाडायची म्हणून मी आधी मूळच्या दोन उघडल्या, नंतर हलकी. दुसरी चूक भांड्याची. मळ्यात स्टीलचे पेले होते. डुव्हेलचा फेस म्हणजे काय चीज आहे हे तुम्हाला माहीत असेलच. त्यांच्या ट्यूलिपसारख्या पोट फुगलेल्या ग्लासात अख्खी बाटली फेसासकट बसते आणि तळाशी कोरलेल्या डी अक्षरावरून बुडबुडे सतत वर येत राहतात. स्टीलच्या पेल्यात मात्र दूध उतू जावं तसं झालं. अर्धी डुव्हेल मळ्याच्या मातीने प्यायली. नानांनी (मावसभावाचे वडील, वय सत्तरीपार) पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि म्हणाले, “हाई दारू शे का सरबत शे?” मी म्हटलं, नाना, हिच्यात आपल्या स्ट्राँगपेक्षा जास्त आहे. ते म्हणाले, “मंग हाई कवय चढी?” म्हणजे मग चढणार कधी. अर्ध्या तासाने नाना खाटेवर बसून कापसाच्या भावावर जरा जास्तच मोकळेपणाने बोलत होते. कधी चढली ते त्यांनाही कळलं नव्हतं.

डुव्हेलची सगळी करामत इथेच आहे, आणि हलकीचं काय होतं ते समजायला ही करामत समजून घ्यावी लागते.

पहिल्या महायुद्धानंतर मूर्टगाट घराण्याने ही बिअर काढली तेव्हा तिचं नाव होतं ‘व्हिक्टरी एल’. त्यासाठीचं यीस्ट स्कॉटलंडहून आणलं होतं. १९२३ च्या सुमारास गावातल्या एका चांभाराने चाखून ‘ही तर खरी सैतान आहे’ असं म्हटलं आणि तिकडच्या बोलीतला सैतान, म्हणजे डुव्हेल, हेच नाव पडलं अशी गोष्ट सांगतात. तेव्हा ती रंगाने काळपट होती. आज आपण बघतो तो फिकट सोनेरी रंग १९७० च्या आसपासचा. म्हणजे दिसायला पिल्सनरसारखी, म्हणजे नेहमीच्या फिकट बिअरसारखी, आणि आत ८.५ टक्के. हे लपवणं कसं जमतं? माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) जोडीला साखर घालतात. यीस्ट ती साखर जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं, म्हणून अल्कोहोल वाढतं पण जिभेवर चिकट जडपणा राहत नाही. मग बाटलीत पुन्हा आंबवतात, आधी उबदार खोलीत, मग थंड तळघरात आठवडेच्या आठवडे. सगळं मिळून ९० दिवसांच्या घरात जातं. त्यामुळे बुडबुडे बारीक आणि भरपूर, शेवट कोरडा. जीभ फसते. माणसाला वाटतं आपण हलकं काहीतरी पितोय.

आता विचार करा. ज्या बिअरची अख्खी मजाच ताकद लपवण्यात आहे, तिची ताकद कमी केली तर लपवायला उरतं काय? नुसतं प्रमाण खाली आणलं असतं तर एक नीटनेटकी, कोरडी, विसरण्याजोगी बिअर झाली असती. अल्कोहोल नुसतं डोक्यात जात नाही, ते घोटाला अंग देतं, किंचित गोडवा देतं, वास नाकापर्यंत पोचवतं. ते काढलं की पोकळी पडते. आमच्या शेवभाजीत मिरची अर्धी केली की ती ‘कमी तिखट शेवभाजी’ होत नाही, नुसता तेलकट रस्सा होतो. मग वाटण वाढवावं लागतं, खोबरं जास्त भाजावं लागतं, म्हणजे भाजी नव्याने बांधावी लागते.

ब्रुअरीने हेच केलंय, हे मानायला हवं. ६.६६ त्यांनी २०२१ मध्ये, ब्रुअरीला १५० वर्षं झाली तेव्हा काढली. स्थापना १८७१ ची. मूळच्या डुव्हेलमध्ये साझ आणि स्टायरियन गोल्डिंग हे दोन हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं). हिच्यात सहा प्रकारचे हॉप्स आणि वरून संत्र्याच्या सालीचा थोडा स्पर्श. न गाळलेली, म्हणून थोडी गढूळ. म्हणजे अल्कोहोलने रिकामी केलेली जागा त्यांनी वासाने भरली. आणि आकडा तर गमतीचा आहेच. बायबलमध्ये ६६६ हा सैतानी श्वापदाचा आकडा, म्हणून सैतानाच्या हलक्या अवताराला ६.६६. असले विनोद मला आवडतात, त्यामुळे माझं मत थोडं पक्षपाती समजा.

तर त्या रात्री दोन मूळच्यांनंतर हलकी उघडली. मावसभाऊ म्हणाला, “भो, हाई ते पाणी शे.” मीही मान डोलावली. ८.५ ची ऊब, मिरची, लसूण, सगळं तोंडात असताना ६.६६ ला काय संधी होती? गाण्याच्या मैफलीत ढोल-ताशा आधी आणि सतार नंतर ठेवली तर सतारवाल्याचा दोष नाही. तेव्हा तुम्हाला माझा पहिला सल्ला: दोन्ही एकाच दिवशी पिणार असाल तर हलकी आधी. आणि मिरचीच्या आधी.

मिरचीवरून आठवलं. अल्कोहोल मिरचीचा चटका वाढवतं, कमी करत नाही. तिखटाने जीभेवरची जी यंत्रणा चेतते तीच अल्कोहोलनेही चेतते. वर बुडबुड्यांची टोचणी. म्हणून त्या भरिताबरोबर मूळची डुव्हेल तोंडात आगच लावत होती, आणि आम्ही मूर्खासारखं आग विझवायला आणखी डुव्हेल पीत होतो. खान्देशी जेवणाबरोबर प्यायची असेल तर खरं तर ६.६६ च बरी, पण हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्रीचं उरलेलं भरीत (शिळं भरीत ताज्याहून सरस, यावर वाद नको), बाजरीची भाकरी आणि ६.६६ ची दुसरी बाटली. या वेळी शहाणपणा केला: मावसभावाच्या लग्नात आलेला फालुद्याचा काचेचा संच कपाटाच्या वर धूळ खात होता, त्यातला एक ग्लास धुऊन घेतला. तळाला अरुंद, वर रुंद. ट्यूलिप नाही, पण स्टीलच्या पेल्यापेक्षा लाखपट बरा. ग्लास तिरका धरून हळू ओतली, शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच ठेवला.

पहिला वास संत्र्याचा, पण शरबताचा नाही. साल सोलताना नखाखाली जो तेलकट कडवट वास राहतो ना, तो. मागून ओल्या गवतासारखं काहीतरी. घोट घेतल्यावर आधी थोडा गोडवा, मग कडूपणा सरळ समोरून येतो, लपूनछपून नाही. शेवट मूळच्यापेक्षा आखूड. मूळची डुव्हेल गिळल्यावरही छातीत एक ऊब रेंगाळते, इथे ती नाही. आणि धुरकट वांग्याबरोबर तो संत्र्याच्या सालीचा कडवटपणा इतका जमला की मी भाकरीचा तुकडा मोडायचा थांबलो. वांग्याचा धूर, लसूण आणि साल. असं वाटलं की भरितावर कोणीतरी लिंबाऐवजी नारिंगी पिळलंय. उन्हात बसलो होतो, जानेवारीचं दुपारचं ऊन, आणि बाटली संपल्यावर मला झोप आली नाही, शेतात चक्कर मारावीशी वाटली. मूळच्या बाटलीनंतर असं मला कधी वाटलेलं नाही. तिच्यानंतर खाट शोधावीशी वाटते.

उरल्या दोन बाटल्या, एक मूळची, एक हलकी. त्यांची मी परीक्षा घेतली. मावसभावाला पाठ करून बसवलं, तसलेच दोन फालुद्याचे ग्लास, दोन्हीत सारखंच ओतलं. विचारलं, स्ट्राँग कोणती? त्याने दोन्ही हुंगल्या, दोन-दोन घोट घेतले, आणि पूर्ण आत्मविश्वासाने ६.६६ कडे बोट दाखवलं. कारण विचारलं तर म्हणाला, हिचा वास मोठा आहे, ही जास्त कडू आहे, “दुसरी ते गोड लागस.” म्हणजे हलकी बिअर बोलकी निघाली आणि दणकट बिअर गप्प बसून राहिली. मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या क्षणी मिळालं, खरं सांगायचं तर. मूळची डुव्हेल कमी बोलून जास्त करते. ६.६६ जास्त बोलते आणि तेवढंच करते.

तुम्हाला मूळच्या डुव्हेलमधलं नक्की काय आवडतं, यावर सगळं अवलंबून आहे. तो कोरडेपणा, तो बारीक फेस, हळूहळू पसरणारी ऊब आवडत असेल तर ६.६६ घेऊन निराश व्हाल आणि मला शिव्या घालाल. त्यापेक्षा मूळचीच एक घ्या आणि दोघांत वाटून प्या, तोच खरा हलका उपाय. पण हॉप्सचा वास आवडत असेल, जेवणाबरोबर प्यायची असेल, दुपारची वेळ असेल, तर ६.६६ ला नाव विसरून संधी द्या. बाटलीवरचं ‘डुव्हेल’ हेच तिचं सगळ्यात मोठं ओझं आहे. नामवंत वडिलांचं आडनाव लावून त्याच शाळेत शिकवायला आलेल्या मुलीसारखं.

खरोखर हलकं बेल्जियन हवं असेल तर रस्ता वेगळा आहे. वेस्टमाले मठाची ‘एक्स्ट्रा’ आणि शिमेची ‘डोरे’, दोन्ही ४.८ टक्के. गंमत अशी की त्या दणकट बिअरच्या हलक्या नकला नाहीतच. मठातल्या साधूंच्या रोजच्या जेवणातली ही बिअर, बाहेर विकायची ती ट्रिपल वगैरे जोरकस. वेस्टमालेची एक्स्ट्रा तर मठाबाहेर विक्रीला सर्रास यायला २०२१ उजाडलं. मला एक्स्ट्रा ६.६६ पेक्षा जास्त आवडली, कारण तिला कोणासारखं व्हायचं नाही. पण प्रश्न डुव्हेलचा होता.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. ६.६६ ची सगळी भिस्त हॉप्सच्या वासावर, आणि हा वास उन्हाने आणि वयाने सगळ्यात आधी मरतो. मूळची डुव्हेल वर्षभर अंधारात ठेवली तरी फार काही बिघडत नाही, उलट मुरते. हलकी मात्र ताजीच प्यावी. म्हणून बाहेरून आणणार असाल तर आपल्याकडे पंचेचाळीस अंशांचा मे सुरू असताना गाडीच्या डिकीत टाकून दोन दिवस गावोगाव फिरवू नका. बाटली उभी ठेवा, आडवी नाही, म्हणजे गाळ तळाशी बसेल. खूप गार करू नका, फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर राहू द्या, नाहीतर ज्यासाठी पैसे दिले तो संत्र्याचा वास उठायचाच नाही. आणि महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१ आहे आणि पिण्याचा परवाना लागतो, तो दुकानात एका दिवसाचाही मिळतो. तो घ्या.

नानांचं मत विचाराल तर त्यांनी दुसऱ्या दिवशी हलकीचाही एक घोट घेतला होता. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला विचारलं, एक बाटली तिकडे कितीला पडते. मी रुपयांत सांगितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि भरिताचं ताट पुढे ओढलं.